कच्छच्या खडकातले शिंपले: ते कसे पडलेत, पालथे की उताणे?

खडकवाट

नमस्कार मंडळी,

जानेवारीत कच्छला जाऊन आले. रणोत्सव, धोलावीरा, काळो डुंगर यांवर इथे भरपूर धागे आहेत, म्हणून ते सगळं सोडून देते. मी गेले होते जुमारा आणि लेरच्या ओढ्यांत बसायला. अक्षरशः बसायला. एकेका खडकासमोर तास-दीड तास.

मी भूशास्त्राची विद्यार्थिनी. पहिल्यांदा कच्छ पाहिलं १९९१ साली, कॉलेजच्या सहलीत. आम्ही सगळे गाडीतून उतरलो आणि हातोड्या घेऊन अमोनाइट, म्हणजे चक्रासारख्या गुंडाळलेल्या कवचाच्या नामशेष समुद्री प्राण्यांचे जीवाश्म, शोधत सुटलो. सरांनी पंधरा मिनिटं बघितलं, मग सगळ्यांच्या हातोड्या काढून घेतल्या. एकेकाला एकेका शिंपल्यासमोर बसवलं. म्हणाले, "तासाभरानं येतो. हा पालथा आहे की उताणा, दोन्ही झडपा आहेत की एकच, फुटका आहे की अखंड, आणि त्याचे शेजारी कोण, एवढं सांगा. नाव सांगितलं नाही तरी चालेल." त्या तासाभरात जे शिकले ते आज लिहायचं आहे.

आधी जागा समजून घेऊ. जुमारा हे रणाच्या कडेचं गाव. तिथले खडकांचे थर खालून दाब आल्यानं घुमटासारखे वर उचलले गेले आणि मग ओढ्यांनी तो घुमट वरून खरवडला. त्यामुळे मधोमध सगळ्यात जुने थर उघडे पडलेत, आणि मधून बाहेर चालत जाल तसे नवे नवे थर पायाखाली येतात. खोल खणायची गरज नाही, समुद्राचा तळ पानं उलटावीत तसा आडवा चालत वाचता येतो. मधले थर साधारण पावणेसतरा कोटी वर्षांपूर्वीचे, कडेचे सुमारे सोळा कोटींचे. मधल्या ज्युरासिक काळातून उत्तर ज्युरासिकमध्ये आपण तासाभरात पोचतो.

त्या काळी गोंडवन, म्हणजे दक्षिणेकडचा एकसंध महाखंड, फुटत होतं. आफ्रिका आणि भारत-मादागास्कर यांच्यामध्ये पडलेल्या भेगेत टेथिस महासागराचं पाणी शिरलं. त्या उथळ आखाताच्या काठावरचा खळगा म्हणजे कच्छ. कच्छचे कितीतरी अमोनाइट मादागास्करमधल्या अमोनाइटांशी जुळतात, ते यामुळेच. मादागास्कर तेव्हा भारताला जोडलेलंच होतं.

घुमटाच्या मधोमध चुनखडी आहे आणि तिच्यात पोवळी सापडतात. पोवळं म्हटलं की तीन गोष्टी आल्या: ऊब, उजेड, निवळ पाणी. नदीचा गढूळ लोंढा पोवळ्यांना सोसत नाही. म्हणजे त्या वेळी किनारा फार चिखल आणत नव्हता. तिथून बाहेर निघालं की शेल लागतो, म्हणजे चिखलाचा खडक. पोवळी संपली आणि अमोनाइट आले. समुद्र खोल होत गेला, तळ चिखलाचा झाला.

या शेलमध्ये काही ठिकाणी नखाएवढे, कागदासारखे पातळ शिंपले एकावर एक चिकटलेले दिसतात. बॉसिट्रा त्यांचं नाव. त्यांच्याबरोबर दुसरं फारसं कुणी नसतं, बिळं करणाऱ्या प्राण्यांच्या खुणाही नसतात. एकच जात, मोप संख्येनं, आणि बाकी शुकशुकाट. तळाला प्राणवायू कमी असला की असं होतं. तग धरणारा एखादाच आणि तो मुबलक. शेजारी कोण हे विचारायचं ते यासाठी.

आता पालथा-उताणा. शिंपल्याची एक झडप पाण्यातून सावकाश बुडाली तर ती उताणी बसते, वाटीसारखी. प्रवाह असला तर मात्र तिची कड उचलली जाते, ती उलटते आणि पालथी होते, आणि एकदा पालथी झाली की पाणी वरून घसरून जातं, ती हलत नाही. म्हणून थरातल्या बहुतेक झडपा पालथ्या असतील तर तिथं पाणी वाहतं होतं. उताण्या जास्त असतील तर निवांत. दोन्ही झडपा घट्ट मिटलेल्या असतील तर अजून एक गोष्ट. शिंपला मेला की त्याचे स्नायू सैल पडतात आणि बिजागरीचा लवचिक पट्टा झडपा उघडतो. मिटलेला सापडला म्हणजे उघडायला जागाच मिळाली नाही. एक तर जिवंतपणीच वाळूत खोल राहत होता, किंवा वादळात एकदम गाडला गेला.

वादळाचा थरही ओळखता येतो. तळाशी फुटक्या शिंपल्यांचा खच, त्यावर वाळू, त्यावर बारीक चिखल. जड ते आधी, हलकं ते शेवटी. एवढा थर कधी कधी एका दिवसाचा असतो आणि त्याच्या वरचा वीतभर शेल हजारो वर्षांचा. मला या हिशेबाचं अजून नवल वाटतं.

सगळ्यात बाहेर, घुमटाच्या कडेला, ढोसा ओओलाइट. कच्छमध्ये काम केलेला प्रत्येक जण हा थर ओळखतो. तुकडा हातात घेतलात तर खसखस लावलेल्या अनारशासारखा दिसतो. ते दाणे म्हणजे ऊइड. एखाद्या कणाभोवती पापुद्र्यावर पापुद्रा चढत जाऊन गोल झालेले, इथे लोहयुक्त. या थराच्या माथ्यावर हातभर जाडीचा गोट्यांचा पट्टा आहे, आणि तो कच्छच्या मुख्य भूमीवर शंभराहून जास्त किलोमीटर मागोवा घेता येतो. त्यात वेगवेगळ्या काळांतले अमोनाइट एकत्र पडलेत. काहींना कालवं चिकटलीत, काहींना किड्यांनी भोकं पाडलीत, काहींवर कृमींच्या चुन्याच्या नळ्या आहेत, तेही दोन्ही बाजूंनी. दोन्ही बाजूंनी म्हणजे तो अमोनाइट तळावर पडून राहिला, उलटला, परत पडून राहिला. लाखो वर्षं त्या समुद्राला नवा गाळच मिळत नव्हता. हातभर थरात एवढा काळ कोंबला गेलाय, आणि तो आपल्याला कळतो तो त्या चिकटलेल्या कालवांमुळे.

हे सगळं वाचायला शिंपला जागेवर असावा लागतो. या वेळी जुमाऱ्याच्या कडेला गेले तेव्हा १९९१ मध्ये जिथे पावलागणिक अमोनाइट होते तो उतार बोडका झालेला दिसला. म्हणून हा धागा.

कुणी गेलं असेल, कुठल्याही समुद्री जीवाश्मांच्या जागी, तर जरूर लिहा.

---

तळकोकण

ताई, लेख एका दमात वाचला. मी गुहागरचा. काल संध्याकाळी मुद्दाम किनाऱ्यावर गेलो आणि पालथे-उताणे बघत चाललो. लाटा जिथे परततात त्या ओल्या वाळूत जवळजवळ सगळ्या तिसऱ्या पालथ्या. मागे खडकात भरतीचं पाणी साचून राहतं त्या डबक्यात उताण्या जास्त. चाळीस वर्षं या किनाऱ्यावर चालतोय, कधी लक्षच गेलं नव्हतं.

एक विचारायचं होतं. आमच्याकडे किनाऱ्याला करळ असतो. वाळू आणि शिंपले चुन्यानं घट्ट चिकटून झालेला दगड. जुन्या घरांच्या जोत्यांना आणि गडग्यांना वापरलेला आहे. त्यातले शिंपलेही जीवाश्मच का?

---

खडकवाट

@तळकोकण, तुम्ही जाऊन बघितलंत याचा फार आनंद झाला.

करळ हा नवा खडक आहे, हजारो वर्षांच्या हिशेबातला, कोट्यवधींच्या नव्हे. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात खाऱ्या पाण्यातला चुना वाळूच्या कणांमध्ये बसतो आणि वाळू लवकर घट्ट होते. त्यातल्या तिसऱ्या, कवड्या, गोगलगायी बहुतेक आजही तुमच्या किनाऱ्यावर आहेत. पण करळाचा उपयोग मोठा आहे. तो भरती-ओहोटीच्या पट्ट्यातच तयार होतो, त्यामुळे आजच्या भरतीच्या वर कुठे करळ दिसला तर एके काळी समुद्राची पातळी तिथवर होती हे कळतं. जुमाऱ्यात जे करतो तेच, फक्त काळ जवळचा.

तुमच्या जोत्याच्या दगडात एखादी अख्खी, मिटलेली तिसरी दिसली तर फोटो टाका.

---

रानजाई

आमच्या देव्हाऱ्यात आजेसासूबाईंच्या वेळचा शाळिग्राम आहे. गुळगुळीत काळा, एका बाजूला फुटलेला आणि आत चक्र. तोही अमोनाइट असतो असं ऐकलंय. खरं आहे का? आणि खरं असेल तर तो कुठल्या समुद्राचा? तुळशीच्या लग्नाला दर वर्षी तो हातात घेते, आता प्रश्न मनातून जाईना.

---

खडकवाट

@रानजाई, हो, खरं आहे. शाळिग्राम येतात नेपाळातल्या गंडकीतून, मुक्तिनाथच्या वरच्या भागातून. तिथे काळा शेल आहे, स्पिती शेल नावाचा, हिमालयात स्पितीपासून नेपाळपर्यंत सापडणारा. उत्तर ज्युरासिक ते त्याच्या पुढच्या काळाच्या, क्रेटेशियसच्या, सुरुवातीचा. म्हणजे जुमाऱ्यापेक्षा थोडा नवा, पण पाणी त्याच टेथिसचं. कच्छ म्हणजे आखाताच्या तोंडाजवळचा उथळ किनारा, तर तुमचा शाळिग्राम भारताच्या उत्तर कडेच्या खुल्या, खोल समुद्राच्या चिखलातला.

गोल गोटा का झाला? अमोनाइट चिखलात गाडला गेला, कुजू लागला, आणि त्याच्या भोवतीच्या चिखलात खनिजं साकळून एक घट्ट गोळा तयार झाला. बाहेरचा चिखल पुढे दबून चपटा झाला, गोळा झाला नाही, म्हणून आतलं चक्र शाबूत राहिलं. नदीनं शेल धुऊन नेला आणि गोटा उरला.

चक्रातल्या आडव्या रेघा म्हणजे कवचाच्या बाहेरच्या कंगोऱ्यांचा ठसा. आतून कवच कप्प्याकप्प्यांचं. प्राणी शेवटच्या मोठ्या कप्प्यात राहायचा, मागचे कप्पे वायू आणि पाणी कमी-जास्त करून तरंगण्यासाठी, आणि सगळ्या कप्प्यांतून एक बारीक नळी गेलेली. अमोनाइटच्या आजच्या दूरच्या नातेवाइकात, नॉटिलसमध्ये, ही नळी कप्प्याच्या मधून जाते, अमोनाइटमध्ये बाहेरच्या कडेनं.

मी आजही माझ्या आजीचा शाळिग्राम हात धुऊनच उचलते. सुमारे पंधरा कोटी वर्षांचं वय कळल्यावर तर जास्तच जपून.

---

भटक्या_वाई

ताई, धागा उत्तम, पण एका मुद्द्याशी मी सहमत नाही आणि ते स्पष्ट लिहितो.

मी २०१४ साली मोटारसायकलवर कच्छला गेलो होतो. एका ओढ्यातून नऊ अमोनाइट आणले. आजही घरी कपाटात आहेत, येणारं प्रत्येक पोर ते हातात घेऊन बघतं. माझा पुतण्या त्यामुळेच भूशास्त्राला गेला. हे दगड ओढ्यात सुटे पडले होते. पुढच्या पावसाळ्यात वाहून गेले असते, फुटले असते, भुगा झाला असता. मी ते वाचवले असं मला वाटतं. जागेवर ठेवा हे म्हणणं संशोधकांसाठी ठीक, पण सगळे दगड संशोधक बघणार आहेत का?

---

पाटीपेन्सिल

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. भटक्यादादांचं म्हणणं मला पटतं. आमच्या मुलांना जीवाश्म फक्त पुस्तकातल्या चित्रात दिसतो. हातात खरा दगड दिला तर त्यांचे डोळे कसे होतील!

---

निमाडवासी

मी इंदूरचा. आमच्यापासून बाग फार लांब नाही, ते लेण्यांचं बाग. तिथल्या नर्मदा खोऱ्यातल्या चुनखडीतही समुद्र आहे, कच्छनंतरचा, क्रेटेशियस काळातला. पश्चिमेकडून नर्मदेच्या खोऱ्यातून समुद्राचा एक फाटा आत शिरला होता. कालवं, समुद्री अर्चिन, अमोनाइट, सगळं सापडतं.

तिथे एका थराला कोरलाइन चुनखडी म्हणतात. मी कित्येक वर्षं ती पोवळ्यांची समजत होतो. मग एका जाणत्यानं भिंग दिलं आणि दाखवलं की ही पोवळी नव्हेत, ब्रायोझोआ आहेत. बारीक बारीक छिद्रांच्या फांद्या, प्रत्येक छिद्रात एक प्राणी. पोवळं समजून मी मनातल्या मनात तिथे निळाशार उथळ समुद्र रंगवून बसलो होतो. ब्रायोझोआ ऊब आणि उजेड दोन्ही नसलेल्या पाण्यातही राहतात, त्यामुळे चित्र पुन्हा काढावं लागलं. नाव चुकलं की समुद्र चुकतो.

पण भटक्याराव, मला तुमच्या बाजूनंही बोलायचं आहे. बागच्या आसपास चुनखडीच्या खाणी चालतात. खाणीत गेलेला जीवाश्म जागेवर राहत नाहीच.

---

खडकवाट

@भटक्या_वाई, @पाटीपेन्सिल, तुमचा राग नाही, उलट हा मुद्दा निघायलाच हवा होता.

आधी माझी गोष्ट सांगते. १९९१ च्या त्या सहलीत तासभर बसून झाल्यावर हातोड्या परत मिळाल्या आणि आम्ही दोन पोती जीवाश्म भरून आणले. मीही आणले. कॉलेजच्या काचेच्या कपाटात मांडले, प्रत्येकाखाली शाईनं चिठ्ठी: गाव, ओढा, थर. काही वर्षांनी त्या चिठ्ठ्यांना कसर लागली. पुढे खोलीचं नूतनीकरण झालं तेव्हा कपाट रिकामं केलं गेलं आणि दगड मागच्या अंगणात टाकले. मला कळलं तेव्हा त्यांच्यावर सिमेंटची पोती रचलेली होती. मी त्यातले अकरा उचलून आणले. सुंदर आहेत, पण कुठले ते मला सांगता येत नाही. माझ्याच हातानं आणलेले.

ओढ्यातला सुटा दगड आणि थरातला दगड यांत फरक आहे हे मान्य. सुट्यानं आपली जागा आधीच सोडलेली असते. तरी तो ज्या उतारावर पडलाय त्याच्या वरच कुठेतरी त्याचा थर असतो, आणि शोधणारा ओढ्यातल्या सुट्यांवरूनच वर चढत जातो. उतारच साफ केला तर ती वाटही बंद होते.

हे का महत्त्वाचं, त्यासाठी जुनी माणसं आठवावी लागतात. कॅप्टन ग्रँट यांनी कच्छचा भूशास्त्रीय नकाशा केला, त्यांचा वृत्तांत १८४० साली आला आणि जीवाश्मांची वर्णनं सोवर्बींनी केली. ट्रायगोनिया स्मीई हा जाडजूड त्रिकोणी शिंपला तेव्हाचा, कॅप्टन स्मी यांच्या नावाचा. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीला भूशास्त्रज्ञ स्टोलिच्का यांनी कच्छ पायाखाली घातलं आणि थरांची विभागणी केली: पच्छम, चारी, कटरोल, उमिया. ती विभागणी आणि ते नमुने घेऊन वागेन यांनी १८७३ ते ७५ मध्ये कच्छच्या अमोनाइटांवर ग्रंथ लिहिला. स्टोलिच्का १८७४ मध्ये यारकंदच्या मोहिमेवरून परतताना लडाखमध्ये वारले, छत्तिसाव्या वर्षी. त्यांचं स्मारक लेहला आहे. पुढे १९२७ ते ३३ मध्ये स्पाथ यांनी लंडनमध्ये बसून कच्छच्या अमोनाइटांची पुन्हा सगळी मांडणी केली. त्यांच्या हाताशी संग्रहच होते. कुठल्या थरातला हे जिथे नीट नोंदलेलं नव्हतं तिथे पुढच्या माणसांना परत कच्छला जाऊन तो थर शोधावा लागला. आमच्या पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत कच्छच्या अमोनाइटांवर अनेक वर्षं काम झालं आहे, आणि त्या कामाचा पाया प्रत्येक नमुना कुठल्या थरातला याची नोंद हाच आहे.

मुलांच्या हातात दगड द्यायचा तर करळ द्या, @पाटीपेन्सिल! खरंच. कोकणातून एक तुकडा मागवा आणि शेजारी ताज्या तिसऱ्या ठेवा. परातीत वाळू, पाणी, तिसऱ्या घालून हलवा आणि कोणत्या पालथ्या होतात ते मुलांना मोजू द्या. कच्छचा अमोनाइट नंतर चित्रात बघितला तरी त्यांना कळेल.

---

क्लाइडकाठ

ग्लासगोहून लिहितोय. मागच्या उन्हाळ्यात स्काय बेटावर गेलो होतो, तिथेही ज्युरासिक किनारा आहे. स्कायवर काही ठरावीक ठिकाणी २०१९ पासून पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांचे जीवाश्म उचलायला कायद्यानं बंदी आहे. किनाऱ्यावर फलक लावलेत, आणि माणसं खरोखर नुसतं बघून, फोटो काढून जातात. मुलांचं कुतूहल कमी झालेलं मला तरी दिसलं नाही.

स्कायच्या एका बेलेम्नाइटची गोष्ट मला फार आवडते. बेलेम्नाइट म्हणजे माकुळाचा लांबचा नातेवाईक. त्याच्या शेपटाकडचा चुन्याचा खिळा उरतो, बंदुकीच्या गोळीसारखा. १९५१ साली रसायनशास्त्रज्ञ हॅरल्ड युरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा एक खिळा घेतला. झाडाच्या खोडासारखी त्यातही वर्तुळं असतात. प्रत्येक वर्तुळातल्या ऑक्सिजनच्या दोन समस्थानिकांचं, म्हणजे हलक्या आणि जड अणूंचं, प्रमाण त्यांनी मोजलं. हे प्रमाण पाण्याच्या तापमानाबरोबर बदलतं. त्यांना दिसलं की त्या प्राण्यानं तीन उन्हाळे आणि चार हिवाळे पाहिले, आणि तो वसंतात मेला. पंधरा कोटी वर्षांपूर्वी मेलेला प्राणी कुठल्या ऋतूत गेला हे कळणं! मी हे वाचलं त्या रात्री झोप लागली नाही.

ताई, कच्छमध्ये बेलेम्नाइट असतात का?

---

खडकवाट

@क्लाइडकाठ, असतात, भरपूर. काही थरांत ते एकाच दिशेला तोंड करून पडलेले दिसतात, ओढ्यात काटक्या लागाव्यात तसे. होकायंत्र लावून पंधरा-वीस खिळ्यांची दिशा घेतली की प्रवाहाचा रोख कळतो. हेही उचलून पिशवीत टाकले की गेलं.

आपल्याकडे भूवारशासाठी वेगळा केंद्रीय कायदा करायचा प्रयत्न आहे, २०२२ साली विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला गेला होता.

---

संत्रानगरी

नागपूरकरांची हजेरी. विदर्भात समुद्री जीवाश्म विचाराल तर फारसं हाती लागत नाही. पण आमच्या टाकळीच्या थरांचा मान ठेवा. रेव्हरंड हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात तिथून जीवाश्म गोळा केले. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये सापडणारी फायसा नावाची गोगलगाय, गोड्या पाण्यातली. लाव्हा निवायचा, तळी साचायची, गोगलगायी यायच्या, मग पुन्हा लाव्हा. दख्खनच्या एवढ्या जाड दगडात सह्याद्रीवर समुद्री शिंपला सापडत नाही, पण तळी सापडतात.

समुद्र बघायचा तर छत्तीसगडमध्ये मनेंद्रगडला जा. हसदेव नदीच्या पात्रात. युरिडेस्मा नावाचा जाड शिंपला आणि त्याच्याबरोबर हिमनद्यांनी आणलेले दगडगोटे. सुमारे अठ्ठावीस कोटी वर्षांपूर्वीचा थंड समुद्र. हल्ली छत्तीसगडच्या उन्हाळ्यात उभं राहून पायाखाली बर्फाळ पाण्याचा शिंपला बघायचा! मी मे महिन्यात गेलो होतो, शर्ट घामानं चिंब. पुन्हा जाणार आहे.

---

रानजाई

हे सगळं वाचून आमचे हे शाळिग्राम घेऊन बसलेत आणि भिंगातून कंगोरे मोजताहेत. अजून मोजून झालेले नाहीत. 🙏

---

भटक्या_वाई

ताई, तुमची अंगणातली गोष्ट वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. मी कपाट उघडून नऊच्या नऊ दगड टेबलावर मांडले. त्यांच्याबद्दल काय आठवतं ते प्रत्येकाच्या नावानं वहीत लिहायला बसलो. फार काही लिहिता आलं नाही.

पण एक विचारायचं आहे. त्यातला एक मी एका दगड कापणाऱ्याकडून कापून आणला होता. मला चक्र दिसेल असा उभा काप हवा होता, त्यानं तो करवतीला आडवा धरला आणि पोटातून दोन तुकडे केले. तेव्हा मी चिडलो होतो, दगड वाया गेला म्हणून मागे ठेवून दिला. आज पाणी लावून बघितला. मधून दोन्हीकडे कप्पे दिसतात, आतले लहान, बाहेरचे मोठे. काही कप्पे पूर्ण पांढरे, स्फटिकांचे. पण चार-पाच कप्प्यांत अर्धा भाग तपकिरी गाळ आणि अर्धा पांढरा, आणि मध्ये सरळ रेघ. सगळ्यांत तपकिरी एकाच बाजूला. हे काय आहे?

---

खडकवाट

@भटक्या_वाई, तुमचा दगड वाया गेलेला नाही. ती रेघ म्हणजे पाणसळ आहे. गवंडी वापरतो ती!

अमोनाइट मेला, तळावर आडवा पडला. जे कप्पे कुठे ना कुठे फुटले होते त्यांत बारीक गाळ शिरला आणि तळाशी बसला. पाण्यात बसलेल्या गाळाचा माथा सपाटच असतो. वरच्या पोकळीत पुढे कॅल्साइटचे स्फटिक वाढले. जे कप्पे घट्ट बंद होते त्यांत गाळ गेलाच नाही, ते पूर्ण पांढरे. तपकिरी बाजू म्हणजे खाल, पांढरी म्हणजे वर. सोळा कोटी वर्षांपूर्वी तो ज्या अंगावर पडला होता ते अंग तुम्हाला आज बोटानं दाखवता येतं. तुम्हाला हवा होता तसा उभा काप घेतला असता तर हे दिसलं नसतं.

कपाटात तो कसा ठेवला होतात?

---

भटक्या_वाई

पितळी स्टँडवर, उभा. आता तपकिरी बाजू खाली करून आडवा ठेवला. रेघा टेबलाशी समांतर झाल्या. घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं.

पण ताई, भिंग लावल्यावर अजून एक दिसलं. अगदी आतल्या दोन लहान कप्प्यांत रेघ तिरकी आहे. बाकीच्यांशी जुळत नाही. आणि तिथला गाळही जास्त गडद आहे.

---

खडकवाट

दोन पातळ्या!

म्हणजे तो एकदा पडला, आतल्या कप्प्यांत गाळ भरून घट्ट झाला. मग कशानं तरी उचलला गेला, वादळानं म्हणा, कुणा प्राण्यानं उकरल्यामुळे म्हणा. कलंडला, दुसऱ्या अंगावर पडला आणि उरलेल्या कप्प्यांत दुसरा गाळ गेला. ढोसाच्या माथ्यावरच्या त्या हातभर पट्ट्यात असेच उलटलेले अमोनाइट असतात. बाहेरच्या बाजूला कालवं किंवा बारीक नळ्या चिकटल्यात का बघा. दगडाला चिकटलेली खसखस दिसते का तेही. दिसली तर मग कुठल्या ओढ्यातला, ओढ्याच्या कुठल्या अंगाला, कडेपासून किती खाली, हे कळलं तर फार मोठी गोष्ट होईल. आठवून बघा ना.

---

भटक्या_वाई

एका बाजूला दोन नळ्या आहेत, तांदळाएवढ्या. दाणेही आहेत, तपकिरी-हिरवट.

जागा आठवायचा कालपासून प्रयत्न करतोय. त्या दिवशी मी तीन ओढे बघितले होते. हा कुठल्या ओढ्यातला ते आठवत नाही. उचलला तेव्हा डाव्या हाताला एक वेडी बाभूळ होती आणि मी तिच्या सावलीत पाणी प्यायलो होतो, एवढंच आठवतं.